पिवळी बदलून घ्यावी की विकावी

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार. (कंबर धरली असल्यामुळे आठांपैकी सहाच अंगांचा घातला आहे, उरलेली दोन समक्ष भेटीत.) तुझा खांदा कसा आहे? हात वरच्या फळीपर्यंत जातो का, की अजून भावजींनाच डबे काढून द्यावे लागतात? भावजींचं पित्त काय म्हणतं? त्यांनी टेम्पो विकल्यापासून त्यांना घरात बसून कंटाळा येत असेल, नाही? मी एवढ्या आपुलकीने चौकशी करतोय म्हणून लगेच डोळे बारीक करू नकोस. भाऊ आहे मी तुझा, चौकशी करू शकतो. आम्ही इकडे ठीक आहोत. म्हणजे ही ठीक आहे असं ही म्हणते, आणि मी ठीक नाही असंही हीच म्हणते.

कारण असं की मला पिवळी विकायची आहे. पिवळी तुला आठवत असेलच. सात वर्षांपूर्वी घेतली तेव्हा तू एका फोनमध्ये मला ‘म्हातारचळ’ हा शब्द तीनदा ऐकवला होतास. दोन दारं, दोन सीटा आणि रस्त्याला पोट टेकेल इतकी बुटकी स्पोर्ट्स कार! चष्म्याच्या दुकानदाराला असली गाडी कशाला हवी, असं तू विचारलंस. त्याचं असं झालं. आमच्या भागातले हाडांचे डॉक्टर माझे जुने गिऱ्हाईक. त्यांना फ्रेमा दाखवता दाखवता ते म्हणाले गाडी काढायची आहे, मी म्हणालो घेतो, आणि तोंडातून शब्द गेल्यावर मला कळलं की मी काय बोललो. (हाडांचा डॉक्टर ती गाडी का काढतोय, हे तेव्हाच विचारायला हवं होतं.) पण ताई, ती गाडी घेतल्यापासून दर रविवारी दुपारी आम्ही दोघं तलावापर्यंत जाऊन यायचो. इंजिनाचा आवाज एवढा, की एकमेकांशी बोलता यायचं नाही. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर ही सोय लहानसहान नव्हे. ही खिडकीची काच खाली करून केस विस्कटू द्यायची आणि घरी आल्यावर केस विस्कटले म्हणून मला बोलायची. मजेत चाललं होतं.

मग आठ महिन्यांपूर्वी तो बँकेसमोरचा प्रकार झाला. मी गाडी लावली, हिने दार उघडलं, एक पाय बाहेर काढला आणि बाकीची ही आतच राहिली. गुडघे ऐकेनात. मी काही तसाच बसून राहिलो नाही गं! धावत तिच्या बाजूला गेलो आणि ताबडतोब विचारपूस सुरू केली. उजवा गुडघा की डावा? वाकवताना जास्त दुखतं की सरळ करताना? आता जास्त... की आता? हिने माझ्याकडे असं काही पाहिलं की मी प्रश्न आणखी सोपे केले. तेवढ्यात रस्त्याने जाणाऱ्या एका बाईंनी हातातल्या पिशव्या खाली ठेवल्या, हिचे दोन्ही हात धरले आणि हिला अलगद बाहेर काढलं. (जगात अजून चांगली माणसं आहेत.) ही पदर सारखा करत एवढंच म्हणाली, की मला आता या गाडीतून एकटीला उतरता येत नाही. त्या दिवसापासून ती पिवळीत बसलेली नाही. बाजारात बसने जाते. रविवारी दुपारी तिला नेमकी कपाटं आवरायची असतात. मी एकटाच तलावापर्यंत जातो आणि शेजारची सीट रिकामी दिसू नये म्हणून तिच्यावर पिशवी ठेवतो. खरं सांगतो ताई, मला करमत नाही. ही शेजारी नसेल तर तो तलाव म्हणजे नुसतं साठलेलं पाणी आहे.

तेव्हा मी ठरवलं, पिवळी जाणार आणि उंच गाडी येणार. इथपर्यंत माझं डोकं स्वच्छ होतं. पुढचा प्रश्न असा, की पिवळी शोरूमला देऊन एक्स्चेंजमध्ये उंच गाडी घ्यायची, की परस्पर कुणाला विकून मग उंच गाडी बघायची? एकतीस वर्षं मी लोकांच्या डोळ्यांसमोर काचा धरून विचारत आलोय, हे बरं दिसतं की हे? पहिलं की दुसरं? आणि जी माणसं ‘दोन्ही सारखंच दिसतंय’ म्हणायची, त्यांचा मला मनातून संताप यायचा. इतकं साधं सांगता येत नाही म्हणजे काय? आता त्या सगळ्यांची मी मनोमन माफी मागतो. मला दोन्ही सारखंच दिसतंय. समोरचे औषधवाले छातीठोकपणे सांगतात की शोरूमवाले सोलून काढतील, परस्परच विका. पिवळीची देखभाल करणारे मिस्त्री तितक्याच छातीठोकपणे सांगतात की लोक येऊन डोकं खातील, सरळ एक्स्चेंज करा. मी दोघांनाही ‘अगदी बरोबर’ असं सांगून बसलोय, आणि दोघं एकमेकांशी बोलतात.

आधी शोरूमला गेलो. तिथे जुन्या गाडीची किंमत ठरवणारे एक साहेब असतात. हातात टॅब असतो, म्हणून मी त्यांना टॅबवाले म्हणतो. अत्यंत सभ्य माणूस. पिवळीभोवती दोन फेऱ्या मारल्या, टॅबवर टकटक केली आणि किंमत अशी सांगितली की मी तिथल्या फुकटच्या कॉफीचा दुसरा कप घेतला. महिनाभर ही किंमत पक्की, म्हणाले, फक्त गुरुवारी कागदपत्रं घेऊन या, गाडी एकदा परत नजरेखालून घालतो. कुणीही शहाणा माणूस तिथून हसत घरी गेला असता. पण ताई, मी बघत होतो, की ते टॅब हात लांब करून, मान मागे नेऊन वाचत होते. चाळीशी लागलेली आणि मान्य नाही! माझ्याने राहवेना. मी म्हणालो, साहेब, संध्याकाळी दुकानात या, पाच मिनिटांत बघून देतो. ते आले. मी दीडचा वाचायचा नंबर काढला, हलकी फ्रेम दिली आणि घाई करून बुधवारी चष्मा हातात ठेवला. गुरुवारी मी गाडी घेऊन गेलो तेव्हा साहेबांच्या नाकावर माझाच चष्मा होता. मला भरून आलं. मग ते वाकले. डाव्या दारावरचा ओरखडा त्यांना दिसला. मागच्या बंपरचा पोचा दिसला. बॉनेटवर एका कोपऱ्यात रंग पुन्हा मारलाय, हे मला सात वर्षांत कधी कळलं नव्हतं, ते त्यांनी मला बोटाने दाखवलं. सीटच्या शिवणीत डॉक्टरांच्या काळातलं सिगारेटचं भोक निघालं. (हाडांचे डॉक्टर सिगारेट ओढायचे, हीसुद्धा नवीनच माहिती.) किंमत चौथ्या हिश्श्याने खाली आली. निघताना टॅबवाल्यांनी माझा हात हातात घेऊन सांगितलं, की साहेब, चष्मा फार झकास झालाय, जग नव्याने दिसतंय.

म्हणून मग परस्पर विकायचं ठरवून जाहिरात दिली. जाहिरातीत मी प्रामाणिकपणे ‘उतरायला थोडा त्रास’ असं लिहिलं होतं; औषधवाल्यांनी ते खोडून ‘चढायला मजा’ असं केलं. फोनवर फोन. नमस्कार नाही, चमत्कार नाही, थेट ‘शेवटचं किती?’ अहो, पहिलं तरी विचारा! प्रत्यक्ष बघायला अकरा जण आले. त्यात एक बसचालक होते. त्यांना घ्यायची नव्हती, आयुष्यभर उंचावर बसून गाडी चालवली, एकदा खाली बसून बघायचं होतं. बसले, खूश झाले, आणि समोरच्या दुकानाची पाटी वाचताना मान तिरकी केली. हा माणूस रोज पन्नास माणसं घेऊन जातो! त्यांच्याकडून मी चावी परत घेतली, त्यांना दुकानात नेलं आणि त्याच दिवशी नंबर काढून दिला. एकदा सवय लागली की लागली. टेस्ट ड्राइव्हच्या आधी मी प्रत्येकाला तक्ता वाचायला लावू लागलो. एकाला चौथ्या ओळीच्या खालचं काहीच वाचता येईना, त्याला तर गाडीला हातसुद्धा लावू दिला नाही. आजवरचा हिशेब असा: चष्मे सात गेले, गाडी जागच्या जागी. एक जोडपं मात्र खरंच घेणार होतं. नवरा तर स्टिअरिंग सोडायला तयार नव्हता. बायको आत पाणी प्यायला म्हणून हिच्याकडे गेली, तासभर दोघी काय बोलल्या कुणास ठाऊक, बाहेर आली आणि नवऱ्याला म्हणाली, चला. तो गेला. ही दारात उभी राहून त्यांना हात हलवत होती, आणि मला उगाच वाटलं की ती खुशीत आहे.

शेवटी काल हिलाच शोरूमला नेलं. म्हटलं, उंच गाडी तिने बघितली की निकाल लागेल. गाडी खरोखर उंच आहे. कपाटाला चाकं लावल्यासारखी दिसते, पण उतरायला स्टुलावरून उतरण्याइतकं सोपं. ही बसली आणि चांगली आहे म्हणाली. मी टॅबवाल्यांशी बोलत होतो तेवढ्यात एकटीच उतरली आणि दाराशी जाऊन उभीही राहिली. एका क्षणात! मी आनंदाने ओरडलोच, की बघ, कुणाची गरज नाही आता तुला. परतताना बसमध्ये ही खिडकीबाहेर बघत राहिली. गुडघा दुखतोय का विचारलं तर नाही म्हणाली. मग काय दुखतंय विचारलं तर काहीच नाही म्हणाली. ताई, बाईमाणसाचं ‘काहीच नाही’ म्हणजे कुठला नंबर, ते तुला ठाऊक असेल, मला अजून सापडलेलं नाही.

तर टॅबवाल्यांची महिन्याची मुदत येत्या शनिवारी संपते. एक्स्चेंज केली तर रविवारी ही माझ्या शेजारी बसेल, पण पिवळी त्या काचेच्या दालनामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये उन्हात उभी राहील. परस्पर विकली तर पैसे बरे येतील, पण तोवर आणखी किती रविवार पिशवी शेजारी घेऊन काढायचे? आणि हिला गाडी आवडली म्हणते तर चेहरा तसा का? तू लहानपणापासून माझ्याऐवजी निर्णय घेत आलीस, मग आता ऐन वेळी हात आखडता घेऊ नकोस. पहिलं की दुसरं, एवढंच कळव. तिसरं काही सांगू नकोस, मला झेपणार नाही.

भावजींना नमस्कार.

तुझा धाकटा

ता. क. भावजींच्या जुन्या चष्म्याची एक काडी सैल झाली होती, ती घट्ट करून द्यायला मी स्वतः तिकडे यायला तयार आहे. चष्मा टपालाने पाठवू नये.

ता. क. २. आता आडपडदा कशाला. टेम्पो गेल्यापासून तुमचं गॅरेज रिकामं आहे ना? पिवळी तिथे ठेवता येईल का? हिला मी विकली म्हणून सांगेन. महिन्यातून एकदा तुझ्या खांद्याची विचारपूस करायला येत जाईन, अर्धा तास तिच्यात बसेन, आणि तुझी विचारपूससुद्धा मनापासून करेन. विकली तर पैसे कुठे आहेत, असं ही विचारेल. त्याचा विचार अजून केलेला नाही. हे पत्र वाचून झाल्यावर फाडून टाक.

ता. क. ३. वन्सं, नमस्कार. पत्र पाकिटात घालून पत्ता लिहायला ह्यांनी माझ्याकडे दिलं. पत्ता लिहायला चष्मा लावावाच लागला, मग पत्रही वाचलं. फाडू नका, जपून ठेवा. गाडी विका असं मी एकदाही म्हटलेलं नाही. त्या जोडप्यातल्या बाईला मीच सांगितलं, की घेऊ नका, माझ्या नवऱ्याचा जीव आहे तिच्यात. माझाही आहे, पण ते ह्यांना सांगू नका. बँकेसमोर मी दोन्ही हात पुढे करून बसले होते, आणि हे मला उजवा की डावा विचारत होते. अनोळखी बाईने हात दिला. आठ महिने मी रुसले आहे हे ह्यांना कळलंच नाही, ह्यांना वाटलं मी कपाटं आवरते. त्या उंच गाडीतून एकटी उतरले तेव्हा ह्यांनी फक्त टाळ्या वाजवायच्या बाकी ठेवल्या होत्या. मी ह्यांच्याकडे हात मागितला आणि ह्यांनी गाडी विकायला काढली. रविवारी तुमच्याकडे यायचंय एवढंच मी ह्यांना सांगितलंय. हे बसच्या वेळा शोधताहेत, पण आम्ही पिवळीनेच येणार आहोत. चहा दारातच तयार ठेवा. ह्यांनी येऊन हात दिला तर आत येऊन पिऊ, आणि पुन्हा उजवा की डावा विचारलं, तर मी गाडीत बसूनच पिईन.

तुमची भावजय