कशेळ्याच्या मातीतले फुटवे

जोरहाट, आसाम

प्रिय अण्णा,

तुम्हाला आणि आईला नमस्कार. मी मजेत आहे, हल्ली वेळेवर जेवतेही. फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही, म्हणून ही बातमी लिहूनच कळवते.

भात खुरटतो म्हणून तुम्ही आपल्या कशेळ्याच्या शेतातली माती पाठवलीत ना, तिच्यात स्फुरद भरपूर आहे. पण ते कुजलेल्या पाल्यामुळ्यांत अडकलेलं, रोपांना घेताच येत नाही. ते मोकळं करणारे जिवाणू त्याच मातीतून वाढवून मी भाताच्या रोपांना दिले. दोनदा फसलं. माझ्या मार्गदर्शक बोरदोलोई मॅडम तर विषय बदल म्हणायला लागल्या होत्या.

आज सकाळी पाहते तर जिवाणू दिलेल्या रोपांना फुटवे! बाकीची अजून खुजीच. मी एवढी ओरडले की मॅडम धावत आल्या.

"भाजलं का कुठे?"

"नाही मॅडम, रोपं वाढली!"

मग त्याही हसत सुटल्या.

कुंडीतलं शेतात जमेलच असं नाही. पण अण्णा, आपलं शेत विकत मागणारे ते फार्महाऊसवाले पुन्हा आले होते का? त्यांना एवढ्यात शब्द देऊ नका. बांधालगतचा एक तुकडा मला द्या. लावणीला मी येतेय, तुमच्याबरोबर चिखलात उतरायला.

तुमची लेक,
ईशानी