आजोबांच्या नावावरचं घर

१८ फेब्रुवारी, राखेचा बुधवार
आज सकाळी सातच्या मिस्साला जाऊन कपाळावर राख लावून घेतली आणि तिथून सरळ नोनी आत्याकडे जाऊन तिच्या कौन्सिलच्या फॉर्मवर ‘नाही’ लिहिलं. प्रश्न होता, या देशात किंवा बाहेर तुमच्या मालकीचं घर किंवा जमीन आहे का?

आत्या म्हणाली, हो लिही की रे मॅलकी, थेडीचं घर आता माझंच नाही का. तिला समजावलं. थेडीकाका दीड वर्षापूर्वी गेला, घर तिला ठेवून गेला, हे खरं. पण आयर्लंडमधल्या मेयोतलं ते घर आणि मागची चार एकर दफ्तरात अजून आजोबांच्या नावावर आहेत. आजोबा १९६१ साली वारले. आमच्या गावात कागदावरचं नाव बदलायची घाई कोणी करत नाही. म्हणजे कायद्याने मालक आजोबा, आणि आजोबा काही इथे इंग्लंडात, कव्हेंट्रीत कौन्सिलच्या फ्लॅटमध्ये राहत नाहीत.

शिकलेला तू आहेस, म्हणाली आणि सही केली.

दुसरं घर निघालं तर तिची भाड्याची मदत जाईल. एकोणऐंशी वर्षांची बाई, अडतीस वर्षं त्याच तिसऱ्या मजल्यावर. केलं ते तिच्यासाठी.

ईस्टरपर्यंतचे संकल्प: बिस्किटं बंद. नको तिथे बोलणं बंद.

२१ फेब्रुवारी
अस्वस्थ. बिस्किटांमुळे असणार.

कोणी म्हणेल, आत्याला मूलबाळ नाही, घर पुढे मॅलकीलाच मिळणार, म्हणून हा खटाटोप. मी तसा विचार केलेला नाही. खिडक्यांना हिरवा रंग बरा की निळा, एवढाच केला. आणि कोंबड्यांचा. सहाच.

२८ फेब्रुवारी, शनिवार
फादर इफेआन्यींपुढे पापं सांगायला गेलो. हे पाप नाही, पण यादी फार छोटी दिसत होती म्हणून सांगितलं. त्यांनी विचारलं, छप्पर गळलं तर दुरुस्ती कोण करतं? म्हटलं, आत्या पैसे पाठवते. आणि आजोबा काय करतात? मी पुढचं पाप सांगायला घेतलं. म्हणाले, आमच्या नायजेरियातही असे मेलेले मालक पुष्कळ आहेत, फार समजूतदार असतात, कधी तक्रार करत नाहीत. मग म्हणाले, एक माळ जपा आणि कौन्सिलला फोन करा.

माळ आजच जपली. फोन सोमवारी.

२ मार्च, सोमवार
फोन केला. बराच वेळ संगीत. मग पलीकडून कोणीतरी हॅलो म्हणालं, तेवढ्यात शाळेची घंटा झाली म्हणून ठेवला. मी शाळेचा केअरटेकर, वर्गात जायचं नसतं, तरी शिस्त ही शिस्त.

६ मार्च
फोनपेक्षा पत्र बरं. मजकूर मनात तयार आहे.

९ मार्च
पत्र त्यांचंच आलं. गुरुवारी कौन्सिलची बाई आत्याकडे येणार, नेहमीची तपासणी. चांगलंच झालं. समोरासमोर माझं म्हणणं जास्त पटतं. आजोबांच्या मृत्यूची तारीख पाठ केली. घरात येरझाऱ्या घातल्या, तर खालच्या मजल्यावरून तक्रार आली.

१२ मार्च, गुरुवार
मिसेस कौर आल्या. शांत बाई. आत्याने सोडा ब्रेड आणि लोणी पुढे केलं. त्यांनी विचारलं, लिफ्ट नीट चालते का, बाथरूममध्ये धरायला दांडा हवा का. पेन मिटून त्या उठणार, एवढ्यात मला राहवलं नाही. म्हटलं, आणि मेयोतल्या घराबद्दल म्हणाल, तर ते आजोबांचं आहे.

त्यांनी विचारलं, कोणतं घर?

आत्या म्हणाली, घ्या, उघडलं तोंड. मी पहिल्याच दिवशी याला हो लिही म्हणाले होते बाई, पण आमच्याकडे वकील आहे, दिवसा फरशा पुसतो.

मिसेस कौर परत बसल्या. सगळं लिहून घेतलं. म्हणाल्या, कागदावर कोणाचं नाव आहे याला आम्ही धरून बसत नाही, घर खरं कोणाचं ते बघतो. आणि तुमचंच म्हणणं मानायचं, घर आजोबांचंच आहे, तर मग त्यांचे वारस कोण? आत्या म्हणाली, मी, आणि माझा थोरला भाऊ गेला त्याचा हा मुलगा.

म्हणाल्या, मग यांचाही हिस्सा निघतो.

इतका आनंद मला कित्येक वर्षांत झाला नव्हता. चेहरा गंभीर ठेवला.

मग त्यांनी विचारलं, तुम्हीही कौन्सिलच्याच घरात राहता ना, मिस्टर डर्कन? भाड्याला मदत घेता? तुमच्या फॉर्मवर या हिश्श्याबद्दल काय लिहिलंय?

१३ मार्च
माझ्या फॉर्मवरही ‘नाही’ आहे. तेव्हा हिस्सा आहे हे मला माहीतच नव्हतं, आणि ते मीच सिद्ध करून दिलं.

१७ मार्च, सेंट पॅट्रिक
आज आमच्या आयरिश संताचा सण, उपासाला सुट्टी. बिस्किटं अकरा.

बेकन आणि कोबी खाताना आत्याने सांगून टाकलं. घर विकते. शेजारचा गॉर्मली कधीचा मागतोय. मिसेस कौर तिला म्हणाल्या आहेत, घर खरोखर विकायला काढलं असेल तर पहिले सहा महिने त्याची किंमत धरत नाहीत. मी विचारलं, आणि विकल्यावर? पैसे आले की मदत बंद. म्हणाली, मग भाडं मी भरीन. माझं घर हे आहे, लिफ्ट आहे, खाली चर्च आहे. पैसे आधी संपतात की मी, बघू. मी म्हटलं, आत्या, पण तिथली हवा. म्हणाली, त्या हवेनेच थेडीची छाती गेली. तुला एवढी हवी तर जाऊन राहायचंस की त्याच्याजवळ. त्याच्या शेवटच्या नऊ वर्षांत एकदा तरी गेलास?

कामं होती.

२० मार्च
मेयोतून, कॅसलबारच्या वकिलाचा कागद आला. आजोबांच्या नावावरून विकायचं तर सगळ्या वारसांनी सही करायला हवी. मी हिस्सा सोडतो असं लिहिलंय. सही झाली नाही तर विक्री होत नाही, विक्रीची तयारी दिसली नाही तर आत्याची मदत आताच बंद, आणि हातात पैसेही नाहीत. फ्लॅटचं भाडं कुठून भरणार? म्हणजे सही करायलाच हवी. विचारपूर्वक.

२३ मार्च
विचार चालू आहे.

२५ मार्च
चर्चमध्ये तासभर बसलो. देवापुढे दोन्ही बाजू मांडल्या. माझी जरा सविस्तर मांडली गेली.

घर आठवून बघितलं. दार डावीकडे की मधोमध, नक्की आठवेना. थेडीकाका मात्र आठवला. प्रत्येक नाताळाला फोन करायचा आणि विचारायचा, येतोस का मग. मी म्हणायचो, उन्हाळ्यात.

२८ मार्च
ग्रंथालयात साक्षीदारासमोर सही केली. पेन चांगलं नव्हतं. पाकीट खिशात आहे.

३० मार्च
पाकीट खिशातच. आयर्लंडच्या टपालाला किती किमतीचं तिकीट लागतं ते विचारायला हवं. पोस्टात रांग होती.

१ एप्रिल
आत्याने फोन केला. विचारलं, टाकलंस? म्हटलं, तिकिटाचं बघतोय. बरं म्हणून फोन ठेवला. तिने मला शिव्या द्यायला हव्या होत्या.

२ एप्रिल, पवित्र गुरुवार
दुपारी आत्या काठी टेकत शाळेच्या फाटकाशी उभी. या गुडघ्यांनी दोन बस बदलून आली. म्हणाली, मिसेस कौरचा फोन होता, विक्रीचा कागद कधी येतो विचारतायत. उद्या गुड फ्रायडे, मग सुट्ट्या. मॅलकी, मला त्या फ्लॅटमध्येच मरायचंय रे.

पाकीट काढून दिलं. तिने पर्समधून तिकिटं काढली आणि एकाखाली एक पाच चिकटवली. म्हटलं, दोन पुरली असती. म्हणाली, तुझं काही सांगता येत नाही.

पाकीट माझ्या हातात परत देऊन टपालपेटीपर्यंत ती बरोबर आली, पण स्वतः टाकेना. पेटीतलं टपाल शेवटचं साडेपाचला नेणार होते.

पाच वाजून दहा मिनिटांनी टाकलं.