जावईबापूंचं अर्धं नाणं

१२ जानेवारी २००७, शुक्रवार

हसू आवरत नाहीये, पण लिहून ठेवते. जावई कंपनीच्या कामाला इंग्लंडला गेले होते, ते काल परत आले. येताना हजार वर्षांपूर्वीचं चांदीचं नाणं विकत घेऊन आले. घरात आलेली चांदी आधी देवापुढे ठेवायची, म्हणून मी हात पुढे केला. बघते तर काय, अर्धंच! चक्क मधोमध कापलेलं. खंडित वस्तू देवापुढे कशी ठेवू? आणि कुणीतरी फसवलंय, हे सासूनं जावयाला कुठल्या तोंडानं सांगायचं? मुलगी तर त्या खर्चावरून आधीच फुगून बसलेली. आज दिवसभर माझा जीव खालीवर.

शेवटी संध्याकाळी कॉफी देताना बोललेच, "पुढच्या खेपेला तो उरलेला अर्धा तुकडा मागून घ्या हं."

ते इतके हसले की कॉफी बशीत सांडली. "अम्मा, मुद्दाम कापलंय हो! हे नाणं ज्या राजाचं, त्याच्या राज्यात सुटे पैसेच नव्हते. नाण्यामागे क्रूस असायचा, त्या रेघेवर कापायचं. अर्धं नाणं, अर्धी किंमत."

अगंबाई! आमचा बसचा कंडक्टर सुटे नाहीत म्हणून नुसता ओरडतो. त्याला कुणी कात्री दिली तर?

मग ते खंडित कसलं? त्या काळच्या बाजारात चालायचं ना? ठेवलं देवापुढे.

मुलगी पुटपुटली, "अर्ध्या नाण्याला एवढे पैसे!"

मी म्हटलं, "गप गं. अख्खं आणलं असतं तर दुप्पट गेले असते."