वादग्रस्त उशी

५ मे, मंगळवार
आज घरात माझ्यावर अन्याय झाला, त्याची नोंद कुठेतरी राहिली पाहिजे. नीलमने माझी उशी उचलून गॅलरीत ठेवली. का, तर ती काळी पडली म्हणून. मी म्हटलं, बेळगावात, त्यातही शहापुरात, धूळ किती उडते. ती म्हणाली, व्हय, आणि ती बरोबर तुमच्या डोस्क्याच्या आकाराचीच बसते.
वस्तुस्थिती अशी: मी केसांना दर रविवारी एक आयुर्वेदिक लेप लावतो. लेप, बाकी काही नाही. केस मुळातच काळे आहेत. रूपालीच्या लग्नाच्या बोलण्यांत निपाणीच्या व्याह्यांनी (त्यांचं टक्कल आहे) रहस्य विचारलं होतं. माक्याचं तेल, असं मी सांगितलं. ते अजून लावतात बिचारे.
धोंड्याच्या महिन्यात लेक-जावई राहायला येणार. २३ तारखेला. उशीचं हे असलं काही जावयाच्या नजरेस पडलं, तर निपाणीपर्यंत जाईल. निर्णय: उत्तम प्रतीचं प्रोटेक्टर घेणे. विषय संपला.

८ मे
विषय संपलेला नाही. ऑनलाइन फार प्रकार आहेत. बांबूचं, जेलचं, धूळकीटक-विरोधी. प्रत्येकाचे रिव्ह्यू वाचले. आमच्या पतसंस्थेत कर्जाच्या फायली इतक्या बारकाईने वाचल्या असत्या, तर थकबाकी राहिली नसती, असं भरमा शिपाई म्हणाला. दुर्लक्ष केलं.
बांबूचं मागवलं.

१३ मे
आलं. बसत नाही. दोष कंपनीचा नाही, सासुरवाडीचा. आमच्या उशा उचगावहून लग्नात आलेल्या. सासूबाईंनी सावरीचा कापूस हात आखडता न घेता भरलेला, गुळाच्या ढेपेसारख्या टणक. पन्नाशीत लग्नातला कोट चढवावा तशी उशी अर्ध्यावर अडकली. चेन तुटली. नीलम म्हणाली, काळ्या कापडाची खोळ शिवा की, डाग दिसायचाच न्हाय. काळी खोळ म्हणजे कबुलीजबाब. साफ नकार दिला.
पलंगावर तिने मधोमध टॉवेलची वळकटी टाकून हद्द आखली आहे. माझी बाजू वादग्रस्त भाग म्हणून जाहीर. आम्हा बेळगाववाल्यांना हे नवीन नाही, पण बेडरूममध्ये?

१६ मे
खडेबाजार. आण्णाप्पाचं गादीचं दुकान. वॉटरप्रूफ कव्हर मागितलं, सर्वांत मोठं. त्यानं विचारलं, बाळ किती वर्साचं साहेब? मी म्हटलं, मोठं आहे. तो म्हणाला, आणि अजून भिजवतंय? डॉक्टरला दाखवा की ओ. दुकानात पतसंस्थेचे दोन सभासद होते. एकाने हळहळून मान हलवली.
मोठ्या मापात फक्त बदकांचं शिल्लक होतं. पिवळी बदकं. घेतलं.

१८ मे
कव्हर वाजतं. कूस बदलली की चिवड्याच्या पाकिटात कोणी हात घातल्यासारखा आवाज. शिवाय डोक्याला घाम, आणि घामामुळे लेप जास्तच उतरतो. सकाळी बदकांचे कावळे झालेले. नीलम बघून दारातच बसली, हसू आवरेना.
निश्चय: पाहुणे जाईपर्यंत लेप बंद. केस मुळातच काळे आहेत.

२१ मे
आरशाची काच खराब झाली असावी. कानशिलावर पांढरं दिसतंय. लेप लावला. दोनदा.

२३ मे, शनिवार
नीलमने पाहुण्यांच्या खोलीत दोन नवीन पांढरीशुभ्र कव्हरं चढवली. मला सांगितलं, त्या खोलीकडं फिरकलासा तर बघा. मी उशीशिवाय सतरंजीवर झोपणार आहे. पाठीला चांगलं असतं.
सायंकाळी रूपाली आणि नागेंद्र आले. समंजस मुलगा आहे. लग्नाच्या मांडवात माझ्या कपाळावरून काहीतरी काळं ओघळलं होतं (होमाचा धूर), तेव्हा यानेच कुणाला दिसायच्या आत खिशातला रुमाल पुढे केला. मामा, काजळ लागलंय, एवढंच म्हणाला. तो रुमाल अजून माझ्या कपाटात आहे. धुतला, डाग मात्र जात नाही.
वळीव येतो येतो म्हणून आला नाही. लाईट मात्र गेली. भयंकर उकाडा.

२४ मे, रविवार, सकाळ
चहाच्या वेळी नीलम पांढरं कव्हर हातात धरून बाहेर आली. मधोमध डोक्याएवढा काळा डाग. माझ्याकडे बघून म्हणाली, सांगितलं होतं का न्हाय? रूपाली म्हणाली, पप्पा, आमच्या खोलीत पण?
मी तोंड उघडणार होतो. सतरंजी साक्षीला होती. पहिल्यांदाच मी पूर्ण निर्दोष होतो.
तेवढ्यात नागेंद्र दिसला. नजर कपात. कानामागून एक काळी रेघ कॉलरपर्यंत आलेली. बत्तीस वर्षांचं पोर. रूपालीलाही माहीत नसावं.
मी म्हटलं, व्हय, काल तुम्ही यायच्या आधी तिथे जरा पडलो होतो. कलप ओला होता.
नीलम म्हणाली, काय ओला होता? परत म्हणा. मी परत म्हटलं. रूपालीचा चहा नाकातून बाहेर आला. निपाणीला फोन लागला. व्याही स्पीकरवर किती वेळ हसले. मग विचारलं, म्हणजे ते माक्याचं तेल?
नागेंद्र हसला नाही. गळा खाजवल्यासारखं करून कॉलर वर केली.
धोंड्याचं जेवण चालू असताना हात धुवायच्या निमित्ताने उठलो. त्याच्या बॅगेत त्याचा रुमाल घडी करून ठेवला. त्याच्याखाली बदकांचं कव्हर. वाजतं, पण लागेल त्याला.