क्वितोच्या जुन्या गल्ल्यांत सना

शुक्रवार, रात्रीच्या इशाच्या नमाजानंतर. जेद्दा.

फोन बंदच करायचा होता तर दाखवायला लागली कशाला? माझी नात सना इथून जवळच्या थुवालच्या विद्यापीठाकडून पार जगाच्या दुसऱ्या टोकाला, क्वितोला गेलीय. आज तिथल्या जुन्या, स्पॅनिश लोकांनी बांधलेल्या गल्ल्यांत एकटीच पायी हिंडत मला व्हिडिओवर दाखवत होती. मी म्हटलं, तो निळा सज्जा जवळून दाखव. तेवढ्यात फोन बंद, तो दुपारच्या असरच्या नमाजापासून आतापर्यंत. "अम्मी, काही होत नाही," म्हणणारा तिचा बाप स्वतः चहा गार करून बसलेला.

आत्ता बोलली. एका फुलवालीने दटावलं, फोन हातात नाचवू नकोस, चोर पळवतील. "दादी, अगदी तुझ्यासारखी ओरडली!" म्हणून तिने फोन बंद करून पिशवीत टाकला होता. अल्लाह त्या फुलवालीचं भलं करो. सज्जा अर्धाच दिसला, जाऊ दे.

उद्या मी फोन केला की सनाने लगेच उचलायचा. बापाने मध्ये बोलायचं नाही.