आतोबा कचरा नाहीत

...आणि पडद्यावर आतोबा आले. चेहऱ्याभोवती लाल चौकट, खाली शब्द : कचरा, ताबडतोब हटवा.

प्रिय पेना आत्या, नमस्कार मागाहून घालते आहे, रागावू नकोस. लेकीकडे गेल्यापासून गुडघा कसा आहे? तू दिलेली भाजलेल्या मिरच्यांची चटणी निम्मी बोयाननेच संपवली. (बोयान म्हणजे स्पर्धेतला माझा जोडीदार. चटणी परत मागावी असं आता वाटतं.)

स्पर्धा कॉलेजात होती. कृत्रिम बुद्धिमत्ता वापरून विद्यार्थ्यांनी लोकांच्या उपयोगाचं काहीतरी दोन दिवसांत करून दाखवायचं. आम्ही रस्त्याचे फोटो पाहून भिंतींवरचा कचरा ओळखणारा प्रोग्राम केला. जिंकलो तर नगरपालिका सोमवारपासून तो वापरणार आणि दाखवील ते खरवडून काढणार. फोटो मी तुझ्याच गल्लीतले काढले. तुझ्या दारावर आतोबांना जाऊन सहा महिने झाल्याचं स्मरणपत्रक आहे, फोटोसकट. आपल्याकडे माणूस गेला की दारावर राहायला येतो, हे यंत्राला कुणी सांगितलंच नव्हतं.

राजधानीहून, सोफियाहून आलेले परीक्षक टाळ्या वाजवू लागले. मी उठून म्हटलं, "ते माझे आतोबा आहेत. कचरा नाहीत."

"अगं बये, पावसाने ओघळलेला कागद आहे तो," बोयान कुजबुजला. "बस खाली, बक्षीस हातचं जातंय!"

"मग तुझ्या आजोबांचा लाव पडद्यावर."

मी तिथेच, सगळ्यांसमोर, यंत्राला नवा धडा दिला : छापील चेहरा आणि खाली नाव दिसलं, तर तो दिवंगत माणूस, हात लावायचा नाही. यंत्र हुशार (बोयानपेक्षा नक्कीच). पुढचा फोटो तुझ्या घरासमोरच्या खांबाचा, त्यावर महापौरांचं निवडणुकीचं पोस्टर. यंत्राने त्यांनाही दिवंगत ठरवलं. महापौर पहिल्याच रांगेत होते. ते उभे राहिले, बहुधा पुरावा म्हणून.

बक्षीस अडवून ठेवलंय. डीन म्हणतात, तो धडा पूस आणि महापौरांची लेखी माफी माग, नाहीतर परीक्षेला बसू देणार नाही. मी पुसणार नाही. माफीही मागणार नाही. मेलेल्यांना भिंतीवरून उतरवून गाव स्वच्छ होत असेल, तर राहू दे घाण.

तुझी भाची,
इस्क्रा

ता. क. : आईला यातलं काही कळवू नकोस.

दुसरा ता. क. : सोमवारी माझ्याबरोबर डीनकडे येशील? डोक्याला शोकाचा काळा रुमाल बांधून ये. बोलायचं काही नाही, नुसती त्यांच्यासमोर बस. (मी कुणाला घाबरत नाही. एकटीने जायचं नाही, एवढंच.)

तिसरा : पत्र टाकायचं राहिलं, म्हणून हेही. आज सकाळी तुझ्या कुंड्यांना पाणी घालायला गेले. महापौरांच्या पोस्टरखाली कुणीतरी कार्नेशनची फुलं ठेवली होती, बरोबर दोन. (सम आकड्यात फुलं मेलेल्यांनाच वाहतात; जिवंत माणसाला जोडीने फुलं कोण देतं?) थोड्या वेळाने पालिकेची माणसं शिडी घेऊन आली आणि पोस्टर काढून घेऊन गेली.

आतोबा जागेवर आहेत.