मी जन्मठेपवाला नाही

२० जुलै २००१, शुक्रवार. गटारी.
मासळीचं शेवटचं जेवण. उद्यापासून श्रावण. या वर्षी नुसतं खाणं नाही, पकडणंही बंद. मुलीच्या, अक्षदाच्या, डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली. बायको शकू म्हणाली, पोरीच्या जिवाशी खेळ नको.
इथे भातसानगर कॉलनीत धरणाच्या पाण्यावर रोज गळ टाकून बसणाऱ्यांना बायका 'जन्मठेपवाले' म्हणतात. मेल्यावरच सुटका. गेट ऑपरेटर महिपत सव्वीस वर्षं बसतोय. तो खरा जन्मठेपवाला. मी स्टोअरचा क्लार्क, मनात आणलं की सोडतो. आतापर्यंत मनात आणलं नव्हतं, इतकंच.

२४ जुलै
चार दिवस एकदम क्लीन. संध्याकाळचं करायचं काय ते कळत नाही. शकूला भाजी निवडून दिली. तिने ती परत निवडली.

२९ जुलै, रविवार
पाणी किती चढलं ते बघायला गेलो. पाटबंधारे खात्याचा माणूस, बघायलाच हवं. महिपत तंबाखू आणायला गेला, तेवढ्यापुरता त्याचा गळ धरला. पाऊण तास. दुसऱ्याचा गळ धरणं म्हणजे शपथ मोडणं नव्हे. तरी घरात मागच्या दाराने शिरलो.

४ ऑगस्ट
आता पकडतो आणि सोडून देतो. हे तर पुण्याचं काम. दोन शिंगटी, एक मरळ. सगळ्यांना जीवदान.
घरी आलो तर अक्षदा कपाळाला बाम लावून पडलेली. डोकं ठणकतंय म्हणे. तिच्या डोक्यावरची शपथ आठवली. मी बारावी सायन्स, असलं काही मानत नाही. पण तासभर तिचं डोकं दाबत बसलो. म्हणाली, बाबा, हाताला वास येतोय. स्टोअरमधल्या रबराचा, म्हणालो. स्वतःची फार लाज वाटली. उद्यापासून कायमचं बंद.

५ ऑगस्ट
बंद केलंय हे महिपतला सांगायला गेलो. परत यायला साडेसहा झाले.

११ ऑगस्ट
उद्या अकरा वाजता किन्हवलीचे पाहुणे अक्षदाला बघायला येणार. मुलगा शाळामास्तर. फोटो तिलाही आवडलाय. बोलणी बापाबापांतच व्हायची, म्हणजे सगळी भिस्त माझ्यावर. शर्ट इस्त्री करून तयार.

१२ ऑगस्ट, सायं. ५
सकाळी शकूने पुऱ्यांची कणीक मळून ठेवली होती. त्यातली लिंबाएवढी गळाला लावायला घेतली. अर्धा तासच जायचं होतं, टेन्शन घालवायला. घड्याळ घरीच राहिलं. कटला लागला, चार किलोचा तरी. असा मासा दोरी तोडून टाकून येता येतं का? सोडून दिला, हे लिहून ठेवतो.
घरी पोचलो तेव्हा दीड. पाहुणे जेवून गेलेले. मुलाच्या वडिलांनी माझी तीनदा चौकशी केली. दोनदा शकूने सांगितलं, अर्जंट ड्यूटी निघाली. तिसऱ्यांदा नुसती पुरी वाढली.

१६ ऑगस्ट, दुपारी
किन्हवलीचा निरोप आला. मुलगी पसंत! म्हणजे काही बिघडलं नाही. उगीच चार दिवस स्वतःला खात होतो.

१६ ऑगस्ट, सायं. ७
अक्षदानेच नकार दिला. मुलगा चांगलाय म्हणाली. मग का गो, विचारलं. तर म्हणे, मी गेले की आईजवळ कोण? तुमी तं घरी नसताच. रागावून नाही, ताटं पुसता पुसता म्हणाली. शकू गॅसकडे तोंड करून उभी. कुठे बघावं तेच मला सुचेना. बावीस वर्षांची पोर माझ्यापायी अडकून बसलीय.
म्हणालो, आजपासून सोडलं. खरंच सोडलं. तू खुशाल जा.
ती बरं म्हणाली. मग विचारलं, उद्या संध्याकाळचं तुमचं ताट झाकून ठेवू ना?